घेराला हात पोचतो

आमच्या घरात तांब्याची एक जुनी घागर आहे. पाणी भरायचं काम तिने केव्हाच सोडलं, पण दर दिवाळीला चिंचेने घासून ती लख्ख होते. मागच्या सुट्टीत भाची लातूरला आली होती. सातवीतली पोर, शाळेत वर्तुळ नुकतंच शिकवून झालेलं. कंपासपेटीतली पट्टी घेऊन ती घागरीपुढे बसली आणि दहा मिनिटांनी वैतागून म्हणाली, "आत्या, हिचा व्यास मोजताच येत नाही."

खरंच येत नाही. तोंडावर पट्टी आडवी धरली तर तोंडाचं माप मिळतं, पोटाचं नाही. पट्टी आत घालावी तर गळा अरुंद. बाहेरून मोजावं तर ती तांब्यातून आरपार जाणार कशी? दोन बाजूंना दोन जाड वह्या उभ्या लावून मधलं अंतर मोजायचा प्रयत्नही तिने केला. वह्या कलल्या, दर वेळी उत्तर वेगळं आलं. आईचं लक्ष होतंच. शिवणाच्या डब्यातून दोरा काढून तिने पुढे केला. "पोटाला गुंडाळ की गं. एवढं काय त्यात!"

भाचीने दोरा घागरीच्या पोटाभोवती फिरवला, टोक जिथे मिळालं तिथे नखाने चिमटीत धरलं आणि दोरा फरशीवर सरळ करून मोजला. ९० सेंटिमीटर. त्याला २२ने भागून ७ने गुणलं, २८.६ आलं. घागरीच्या आत न शिरता व्यास सापडला.

पाठ्यपुस्तकातलं वर्तुळ केंद्रापासून सुरू होतं. कंपासचं टोक रोवायचं, त्रिज्या घ्यायची, मग रेघ फिरवायची. परीघ सगळ्यात शेवटी येतो, तोही सूत्रातून. घरात आणि शेतात मात्र केंद्र हाताशी नसतं. भरलेल्या रांजणाचं केंद्र पाण्यात, धान्याच्या राशीचं धान्याखाली, ओंडक्याचं लाकडात, मनगटाचं हाडात. हाताला लागतो तो घेर. आपल्याकडची कितीतरी गोल मापं म्हणूनच घेरावरून घेतली गेली आणि व्यास हिशेबाने मागून आला. शाळेनेही वर्तुळ याच क्रमाने शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

घेर मोजणं सोपं आहे, पण त्यात चुका कुठे होतात ते एकदा बघून ठेवलेलं बरं. लोकर किंवा इलॅस्टिक घेऊ नये, ताणलं की माप वाढतं. शिवणाचा सुती दोरा चालतो. त्याहून चांगली कागदाची अरुंद पट्टी. ती वस्तूभोवती गुंडाळायची, एक टोक दुसऱ्यावर चढू द्यायचं आणि दोन्ही थरांतून टाचणी टोचायची. पट्टी उलगडली की दोन भोकांमधलं अंतर म्हणजे घेर. चिमटीत धरलेला दोरा सरकतो, टाचणीचं भोक सरकत नाही. डब्यासारख्या सरळ वस्तूवर दोरा तिरका गेला की माप जास्त येतं. घागरीसारख्या फुगीर वस्तूवर पोट सोडून तो जरा वर किंवा खाली बसला तर कमी येतं. म्हणून दोरा जमिनीपासून चारही बाजूंना सारख्या उंचीवर आहे ना ते बघायचं आणि वरखाली सरकवून सगळ्यात मोठं माप शोधायचं.

लाटण्यासारखी बारीक वस्तू असेल तर एका फेऱ्यावर विसंबू नये. दहा फेरे शेजारी शेजारी गुंडाळावेत आणि आलेल्या लांबीचा दहावा भाग घ्यावा. चूकही दहा ठिकाणी वाटली जाते. ताटासाठी तर दोराही नको. काठाला ओल्या कुंकवाचा ठिपका लावून ताट फरशीवर सरळ रेषेत गडगडवत न्यावं. ते दर फेऱ्याला स्वतःच ठिपका उमटवत जातं. पहिल्या ठिपक्यापासून पाचव्यापर्यंतचं अंतर मोजून चारने भागलं की झालं. भाचीला हा प्रकार इतका आवडला की त्या दिवशी ओसरीभर कुंकवाच्या रांगा झाल्या होत्या.

आणि काहीच हाताशी नसेल तेव्हा हात असतोच. बारा अंगुळांची एक वीत, दोन वितींचा एक हात, ही मापं आपल्याकडे फार जुनी आहेत. प्रत्येकाने आपली वीत एकदा पट्टीवर मोजून लक्षात ठेवावी. माझी २० सेंटिमीटर भरते. करंगळी जिथे टेकली तिथे अंगठा आणत आणत घागरीला वेढा घातला की साडेचार विती होतात, म्हणजे पुन्हा ९०. व्यासासाठी कागद-पेन्सिलही लागत नाही. घेराचा तिसरा भाग काढायचा, ३०. त्यातून शेकडा पाच वजा करायचे, २८.५. खऱ्या उत्तराशी फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. आर्यभटाने इ.स. ४९९मध्ये परीघ आणि व्यासाचं नातं ६२,८३२ भागिले २०,००० असं सांगितलं आणि त्यालाही 'आसन्न' म्हणजे 'जवळचं' असाच शब्द वापरला. तो आकडा ३.१४१६ होतो. आमच्या घागरीवर २२/७ वापरा नाहीतर आर्यभटाचा आकडा, व्यासात मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास फरक पडतो. दोऱ्याची जाडी त्याहून जास्त चूक करते.

घेर कळला की घागरीत पाणी किती मावतं याचाही अंदाज येतो. घागर पूर्ण गोल धरली तर घेराचा घन करून त्याला साधारण ६०ने भागायचं. ९० सेंटिमीटर घेराच्या घागरीत सव्वाबारा लिटरच्या आसपास पाणी मावतं, ८० सेंटिमीटरच्या घागरीत साडेआठ. घेरात अर्ध्या वितीचा फरक आणि पाण्यात जवळजवळ दीडपटीचा! एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात नळाला किंवा टँकरला रांग लावताना घरातलं कोणतं भांडं न्यायचं हे बायका घेर बघूनच ठरवायच्या. उंच, सडपातळ भांडं डोळ्यांना मोठं दिसतं, पण पाणी पोटात मावतं. तेवढ्याच पत्र्यात सगळ्यात जास्त जागा देणारा आकार गोलच असतो. आपले रांजण, माठ, घागरी पोटाने गोल असण्यात हा फायदा आपसूक पदरात पडतो.

नाजूक घेर म्हटला की मला बांगड्या आठवतात. लहानपणी कासारीण मावशी घरी यायच्या. पेटी उघडायच्या आधी हात हातात घ्यायच्या, अंगठा तळव्यात दुमडून पंजा आवळायच्या आणि म्हणायच्या, "हात ढिला सोड गं बाई. कडक केलास तर बांगडी फुटंल." त्यांनी कधी मनगट मोजलं नाही. बांगडीला मनगटाशी कर्तव्य नसतं, तिला आवळलेल्या पंजाच्या सगळ्यात रुंद जागेवरून पार व्हायचं असतं. तो घेर त्या बोटांनी वाचायच्या आणि पेटीतून नेमका जोड काढायच्या.

त्या जोडाचा नंबर मात्र अनेकांना फसवतो. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं आपण म्हणतो आणि लिहिताना मध्ये टिंब देतो, २.८. हे दशांश नव्हेत. पहिला आकडा इंच आणि दुसरा इंचाचे सोळावे भाग. रुपयाचे सोळा आणे असत, तसेच इंचाचे सोळा भाग. दोन-आठ म्हणजे दोन इंच आणि आठ सोळांश, म्हणजे अडीच इंच, ६३.५ मिलिमीटर. दशांश समजून २.८ इंच धरलं तर ७१ मिलिमीटर होतात आणि मागवलेली बांगडी हातातून घरंगळते. हे माप बांगडीच्या आतल्या व्यासाचं. त्याचा घेर काढून बघितला तेव्हा मला फार आनंद झाला. दोन-दोनचा घेर १७ सेंटिमीटर, दोन-चारचा १८, दोन-सहाचा १९, दोन-आठचा २०. फरक अर्ध्या-एक मिलिमीटरचा. एक नंबर वाढला की घेर एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे अंगठा दुमडून, पंजा आवळून त्याभोवती दोरा फिरवावा, पट्टीवर मोजावा आणि सेंटिमीटरवरून सरळ नंबर सांगावा. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपास दुकानांत कडी मांडलेली असतात. लोखंडाचं कडं काचेसारखं फुटत नाही, पण दबतही नाही. तिथे कुणासाठी कडं घ्यायचं असेल आणि ती व्यक्ती सोबत नसेल, तर खिशात असा मोजलेला दोरा असला की काम होतं.

घेर एक सेंटिमीटर वाढला की व्यास ३.२ मिलिमीटर वाढतो, हे फक्त बांगडीपुरतं खरं नाही. वस्तू केवढीही असो, हिशेब तोच. लातूरकरांना हे गंजगोलाईत पायांनी अनुभवता येतं. फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातून उभी राहिलेली ती गोल बाजारपेठ, १९१७ची दुमजली इमारत, मधोमध देवीचं मंदिर आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. तिथेही आरपार टेप लावता येत नाही, मध्ये दुकानं आणि देऊळ आहे. फेरी मारून पावलं मात्र मोजता येतात. दोन मैत्रिणी एकमेकींपासून एक मीटर अंतर राखून गोलाईला फेरी मारू लागल्या, तर बाहेरची आतलीपेक्षा ६.२८ मीटर जास्त चालेल. गोलाई आहे त्याच्या दहापट मोठी असती तरी ६.२८च. घरातल्या जात्याभोवती दोन मुलं तशीच फिरली तरी ६.२८च. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. मग मी परातीभोवती आणि वाटीभोवती दोऱ्याचे दोन-दोन वेढे घालून बघितले, एक टेकलेला आणि एक बोटभर सुटा. दोन्हीकडे जादा लागलेला दोरा सारखाच भरला. जाड सुतळीने मोजलं की माप फुगतं तेही यामुळेच. सुतळी दोन मिलिमीटर जाड असेल तर वस्तू वाटी असो वा रांजण, सहा मिलिमीटर जास्त येणार.

मराठवाड्यात घेराचा सगळ्यात मोठा उपयोग खळ्यावर होतो, आणि त्याचं गणित साडेआठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. पुढे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणच्या १२०७च्या शिलालेखात आहे. 'लीलावती'त धान्याच्या राशीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सपाट जमिनीवर धान्य ओतलं की त्याचा शंकू होतो. ते किती भरेल? शंकूची उंची मोजायला काठी खुपसावी लागेल, त्रिज्या मोजायला रास फोडावी लागेल. भास्कराचार्य दोन्ही टाळतात. राशीभोवती दोरी फिरवा, म्हणतात, घेर घ्या. घेराचा सहावा भाग काढून त्याचा वर्ग करा आणि उंचीने गुणा. उंचीसुद्धा घेरातूनच काढायची. हरभऱ्यासारख्या जाड दाण्यांची रास असेल तर उंची घेराचा दहावा भाग, मोहरीसारख्या बारीक दाण्यांची असेल तर अकरावा, साळीसारखं कुसळाचं धान्य असेल तर नववा.

हे नऊ, दहा, अकरा आकडे मला फार मोलाचे वाटतात. ते कुणीतरी खळ्यावर बसून, राशी न्याहाळून काढलेले असणार. बारीक गुळगुळीत दाणा घसरतो, रास पसरट होते. कुसळं एकमेकांत अडकतात, रास उंच राहते. आजचे अभियंते याला विश्रामकोन म्हणतात आणि धान्याची कोठारं बांधताना तो विचारात घेतात. घेराचा दहावा भाग उंची म्हणजे सुमारे ३२ अंशांचा उतार होतो, सुक्या दाण्यांना शोभेल असाच.

आता करून बघू. हरभऱ्याच्या राशीचा घेर ९ मीटर आला. सहावा भाग दीड, त्याचा वर्ग सव्वादोन. उंची ९चा दहावा भाग, ०.९. गुणाकार २.०२ घनमीटर. आजच्या सूत्राने तीच रास १.९३ भरते. भास्कराचार्यांच्या नियमात परीघ व्यासाच्या तिप्पट धरलेला आहे, म्हणून शेकड्याला पाचाच्या आतबाहेर जास्त येतं. नेमका आकडा त्यांना ठाऊक होताच, त्याच ग्रंथात त्यांनी ३९२७ भागिले १२५० हे सूक्ष्म मापही दिलं आहे. खळ्यावर तेवढी बारकाई नको, एवढाच त्यांचा विचार. घनमीटरला साडेसात-आठ क्विंटल हरभरा धरला तर आपली रास पंधरा क्विंटलच्या आसपास. पोती किती लागतील आणि टेम्पो केवढा सांगायचा, हे दोरीच्या एका फेऱ्यात ठरलं.

रास भिंतीला टेकवून घातली तर? दोरी अर्ध्याच घेराला फिरते. तिचं माप दुप्पट करा, पूर्ण राशीचा हिशेब करा आणि उत्तर निम्मं करा. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात रास असेल तर चौपट करून चौथाई घ्या. घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून असेल तर तीन चतुर्थांश रास असते, म्हणून माप चार तृतीयांश पट करा आणि उत्तराचा तीन चतुर्थांश भाग घ्या. हेही सगळं 'लीलावती'त आहे. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे ढीग पडतात तेव्हा आता वजनकाटाच बोलतो आणि तेच योग्य आहे. पण काट्यापर्यंत पोचण्याआधी, घरच्या खळ्यावर आपल्याकडे किती माल आहे हे शेतकऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. दोरी त्याला ते फुकटात सांगते.

घेरावरचा एक हिशेब मात्र डोळे उघडे ठेवून करावा, लाकडाचा. किनवट-माहूरचा भाग सागासाठी प्रसिद्ध आहे. गोल लाकडाचा घेर मध्यावर टेप गुंडाळून घेतात. जुना रिवाज असा की घेराचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका या हिशेबाने १० घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात १२.७ घनफूट लाकूड असतं. घेराचे चार भाग करून आपण गोलाचा चौरस केला, आणि तेवढ्याच घेराच्या चौरसात गोलापेक्षा कमी मावतं. शेकडा साडेएकवीस कमी धरण्यामागे कारणही आहे, साल आणि करवतीत जाणारा भुसा. तरी बांधावरचं सागाचं झाड विकताना समोरचा कोणत्या हिशेबाने बोलतोय, खऱ्या घनफुटाच्या की चौथाईच्या, हे आधी विचारून घ्यावं. वनखात्यांकडे आणि वृक्ष-अभ्यासकांकडे एक वेगळा टेप असतो. त्याच्यावर खुणा ३.१४ सेंटिमीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे झाडाभोवती गुंडाळला की सरळ व्यासच वाचता येतो. घरी तो पाच मिनिटांत होतो. २२ सेंटिमीटरच्या कागदी पट्टीचे सात सारखे भाग करायचे. एक भाग म्हणजे व्यासाचा एक सेंटिमीटर. मोठ्या वस्तूंसाठी पट्टीला पट्टी चिकटवत जायचं. भाचीने तशी मीटरभर पट्टी केली आहे, ती अजून माझ्याकडे आहे.

शेवटी एका घेराबद्दल लिहायलाच हवं. तान्ह्या बाळाच्या कमरेला करदोडा बांधतात, दोन बोटं आत जातील इतका सैल. तो रुतायला लागला की बाळ अंग धरतंय हे आजीला कळतं, नवा बांधला जातो. तोच सैल पडून खाली घसरायला लागला की आजीच्या जिवाला घोर लागतो. अंगणवाडीत हेच काम आता दंडघेराची रंगीत पट्टी करते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, लगेच दवाखाना. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. त्यापुढे हिरवा. वयाच्या पहिल्या वर्षापासून पाचव्यापर्यंत निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही, म्हणून वय नेमकं माहीत नसलं तरी ही पट्टी चालते. लाल आणि हिरव्यामध्ये फक्त एक सेंटिमीटर घेर आहे, बांगडीचा एक नंबर. व्यासात तो तीन मिलिमीटर होतो आणि अंगरख्याच्या बाहीत आईच्या डोळ्यांनाही दिसत नाही.

मी एकदा एका अंगणवाडीत हे मोजताना बघितलं. मूल खिदळत होतं, हात ताठ करून पट्टी ओढत होतं. ताई थांबल्या. त्याच्याशी बोलत राहिल्या, हात खाली लोंबता होईपर्यंत. "ढिला सोड रे बाळा, ढिला." मग पट्टी दंडाला टेकली, रुतली नाही, आणि पट्टीवरच्या खिडकीतून आकडा दिसला. तेरा पूर्णांक दोन. त्यांनी तो मोठ्याने म्हटला, आईकडे बघून हसल्या आणि वहीत लिहिला.